गुरूच्या कॅसेटी आणि ‘पांढरी दोन’

प्रश्न : आम्हाला टिन व्हिसल (धातूची छोटी आयरिश बासरी) आणि आयरिश पारंपरिक धुना शिकवणारे आमचे ज्येष्ठ मित्र गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कॅसेटी घरच्यांनी आमच्याकडे सोपवल्यात. काहींवर पांढरी बुरशी आहे, काही वाजतात पण आमच्या व्हिसलशी सूर जुळत नाही. वर्षश्राद्धाच्या सुमारास त्यांच्या आठवणीत बैठकही करायची आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कॅसेटींपासून. ठाण्याचे आणखी एक-दोन पावसाळे त्यांना झेपायचे नाहीत.

बुरशीची कॅसेट डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालूच नका. भुकटी फीत वाचणाऱ्या हेडला आणि रबरी रोलरला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीत जाते. त्या वेगळ्या काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. आठवड्याभराने मास्क लावून, कोरड्या मऊ कापडातून फीत हळूहळू फिरवत पुसा. स्क्रूची कॅसेट असेल तर दोन्ही चकत्या सरळ नव्या खोक्यात बसवा. चांगल्या कॅसेटींच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंग पुसले जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या; चिकटलेले वेढे सुटतात. दर दोन-तीन कॅसेटींनी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. ते फितीला मात्र लावू नका.

कॉम्प्युटरवर घेताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एमपी३ नंतर हवी तेवढी करा. खरखर काढायची घाई नको, तिच्याबरोबर व्हिसलचा श्वासही जातो. दोन धुनांमधले बोलणेही कापू नका. ‘ही अमक्याकडून घेतली’ हे वाक्य बहुधा तिथेच असते, आणि या परंपरेत धून कोणाकडून आली याला मोल आहे.

आता सुराचे. तुमची डी सुराची व्हिसल म्हणजे पेटीची पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी. डेक सहा टक्के जलद फिरला की तीच धून अर्धा सूर वर, काळी दोनमध्ये येते, तेवढाच मंद फिरला तर काळी एकमध्ये. पण लगेच दुरुस्त करू नका. काही वादक मुद्दाम काळी दोनला जुळवतात, आणि इलियन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) पांढरी एकमध्ये किंवा त्याहून खालीही असतात. खात्री विजेच्या गुणगुणीवरून होते. वीजजोडणीवर केलेल्या भारतातल्या किंवा आयर्लंडमधल्या रेकॉर्डिंगमागे अनेकदा ५० हर्ट्झची गुणगुण असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंपनांच्या आलेखात, ती ५३ ला दिसली तर फीत जलद आहे. अमेरिकेतले रेकॉर्डिंग असेल तर ६० धरा. कॅसेट थांबवूनही गुणगुण राहिली तर ती तुमच्या डेकची, तिच्यावर भिस्त नको. दुरुस्ती करताना वेग आणि सूर एकत्र बदला, नुसता सूर नको.

बैठकीत कार्यक्रम-पत्रिका, माइक, ओळीने एकेकाचे वादन हे टाळा. गोल बसा. त्यांनी शिकवलेल्या दोन-तीन धुनांचा एक संच, प्रत्येक धून तीनदा, मध्ये न थांबता पुढची. प्रत्येक धुनेचे सहसा दोन भाग असतात, आठ-आठ मात्राखंडांचे, प्रत्येक दोनदा. संथ धून, म्हणजे स्लो एअर, एकट्याने आणि ठेक्याशिवाय. तबला ठेवायचाच असेल तर जिग आणि रील या नाचाच्या धुनांपैकी जिगला दादरा आणि रीलला केरवा मोजणीत बसतो. पण तबल्याचे जास्तीचे बोल आले की धुनेचा झुलता डौल मोडतो, तेव्हा अगदी हलका हात. स्लिप जिग हा जिगचा प्रकार नऊ मात्रांचा, तिथे तबलजीला विश्रांती.

पाइप्सवादक विली क्लॅन्सी १९७३ साली गेले, तेव्हा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या त्यांच्या मिलटाउन मालबे गावात त्याच वर्षी पारंपरिक संगीताची उन्हाळी शाळा सुरू झाली. ती आजही जुलैत भरते आणि दिवसा वर्ग चालतात. तुमच्या बैठकीतही अर्धा तास नवशिक्यांना एक धून शिकवण्यात घाला. भाषणे नसली तरी चालतील.

प्रश्न : आमच्या गुरूंची जुनी पितळी व्हिसल वाजवताना घुमते आणि मध्येच बंद पडते. घासून लख्ख करावी का?
– नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : चिंच किंवा पॉलिश नको; त्याचा थर फुंकरीच्या चिरेत बसला की आवाज गेलाच. दमट हवेत त्या चिरेत पाणी साचते. तोंडाजवळच्या चौकोनी खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंका, ते निघून जाते. तरीही अडत असेल तर प्लास्टिकचे तोंड कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरा, पिळत काढा आणि पातळ साबणाच्या पाण्याने धुवा. उकळते पाणी वापरलेत तर प्लास्टिक वाकेल. परत बसवताना तोंड आणि भोके एका रेषेत आणा आणि ते सरकवत पेटीच्या पांढरी दोनशी सूर लावा.