तिरळं पोर नशीबवान असतं म्हणे!

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. गणपतीला मुंबईहून जाऊ आली होती, ती म्हणाली हिचा उजवा डोळा नाकाकडे जातोय. आता मलाही दिसतं, चित्रांचं पुस्तक जवळ धरलं की जास्तच. सासूबाई म्हणतात तिरळं पोर नशीबवान, मोठी झाली की जाईल आपोआप. थांबू का?
– एक आई, गुहागर तालुका

उत्तर : अजिबात थांबू नका ताई. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने इकडेतिकडे फिरतात आणि मग जागेवर येतात, सासूबाईंनी तेच बघितलं असणार, पण अडीच वर्षांचं पोर म्हणजे वेगळी गोष्ट. कधीकधी नाक बसकं असलं की नुसता तिरळेपणाचा भास होतो, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

दिसण्याचं सोडा, खरी भानगड मेंदूत होते. दोन डोळे दोन दिशांना बघायला लागले की लहान मुलाचा मेंदू वाकड्या डोळ्याचं चित्र घेणंच बंद करतो, मग डोळा धडधाकट असूनही त्याची नजर तयार होत नाही आणि पोर तक्रारही करत नाही कारण दुसऱ्या डोळ्याने सगळं दिसतंच की! हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सगळ्यात चांगला सुधारतो.

जवळचं बघताना डोळा आत येतो म्हणजे बऱ्याचदा प्लस नंबर निघतो, आणि मग नुसत्या चष्म्यानेही डोळा सरळ राहू शकतो. नंबर थेंब घालूनच तपासून घ्या. पट्टी दिली तर ती चांगल्या डोळ्यावर लावायची असते, घरात आरडाओरडा होईल, होऊ दे. ऑपरेशन लागलंच तर ते डोळ्याबाहेरच्या स्नायूंवर होतं, डोळा काढून वाटीत ठेवतात वगैरे गावगप्पा आहेत.

आणि हो, फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तर एक दिवसही घालवू नका, क्वचित तो डोळ्यातला कॅन्सर असतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची सरकारी टीम येते, त्यांनाही सांगा, पण त्यांची वाट बघत बसू नका.

प्रश्न : वय ५२, बोटीवर असतो, शुगर आहे. परवापासून एकाचे दोन दिसतात, एक डोळा झाकला की ठीक.
– हर्णै

उत्तर : दादा, आजच जा. मोठेपणी अचानक डोळा तिरका झाला तर शुगर-बीपीने डोळा फिरवणारी नस अधू झालेली असू शकते, ती बहुतेकदा काही महिन्यांत सुधारते, पण मेंदूतलं काही नाही ना हे आधी बघावं लागतं. सोबत जोराचं डोकं दुखणं, पापणी खाली येणं, बोबडी वळणं असलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा. तोवर बोट नाही, बाईकही नाही.