जपानमध्ये फिरताना शाकाहारी माणसाने दुकानातलं काय खावं?

गोड खाऊ बराचसा निर्धास्त खा, तिखटमिठाच्या पदार्थांचं वेष्टन मात्र वाचल्याशिवाय उघडू नका. मी ओसाकात राहते आणि मासे-अंडी खात नाही, त्यामुळे हे वाचन रोजचंच आहे. खरी अडचण दाशीची. कात्सुओ मासा वाळवून, किसून काढलेला हा अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, चिप्सच्या मसाल्यात, अगदी इनारीझुशीच्या (तोफूच्या पिशवीत भरलेल्या भाताच्या) गोडसर तोफूतही असतो. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरलेली ओनिगिरी (भाताचा मुटका) शाकाहारी वाटते, पण तिच्यातही बऱ्याचदा कात्सुओ निघतो! अ‍ॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे छापणं सक्तीचं आहे, कात्सुओ त्या यादीत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने घटकांची पूर्ण यादी भाषांतरित करून बघा.

हे आवर्जून खा:
- याकीइमो, म्हणजे भाजलेलं रताळं. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशीच गरमागरम मिळतं आणि त्यात दुसरं काहीच नसतं.
- दाइफुकु: तांदळाच्या मऊ पारीत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण.
- मिताराशी दांगो: काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, वर सोया सॉस आणि साखरेचा पाक.

मात्र क्रीम, पुडिंग किंवा जेली असलेल्या गोडात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं, तेवढं तपासा. आणि एक वेळ तरी पोटभर, निःशंक जेवायचं असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांमधलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी घ्या. तिथली दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिइताके मशरूमची असते.