गणित शिकवणं, संशोधन आणि सॉफ्टवेअर : जर्मनीला येऊ पाहणाऱ्या एका प्राध्यापकांना उत्तर

सर, नमस्कार.

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं : वय ३२, गणितात एम.एस्सी., सेट झालेली, वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवताय. पायथन आणि सी प्लस प्लस स्वतःच्या हौसेनं शिकलात. पत्नी बँकेत आहेत. आधी आयटीतली नोकरी धरून जर्मनीला यावं आणि पीएच.डी.चं मग बघावं, की आधी पीएच.डी.? आणि या सगळ्यात शिकवणं कायमचं सुटेल का?

माझं मत स्पष्ट आहे. आधी पीएच.डी., तीही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गणिताच्या गटात. मग निदान तीन वर्षं उद्योगात. त्यानंतर पूर्णवेळ शिकवायला या. मी याच वाटेनं आले. तिकडे तासिकांवर शिकवत होते, इथे संगणकीय बीजगणितात (म्हणजे यंत्राकडून बीजगणित नेमकेपणानं करून घेण्याच्या विषयात) डॉक्टरेट केली, मग एका कंपनीत वेळापत्रकं आखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं आणि आता उपयोजित विज्ञानांच्या होखशूलमध्ये (विद्यापीठाहून वेगळी, व्यवसायाभिमुख उच्चशिक्षण संस्था) गणित शिकवते. हीच कामं उलट्या क्रमानं करू पाहणारे काही जण मी जवळून पाहिलेत. त्यांना फार जड गेलं.

जर्मनीत गणितातली पीएच.डी. बहुतेक वेळा पगारी नोकरी असते. जाहिरातीत ‘ई-१३’ ही वेतनश्रेणी लिहिलेली असते आणि पुढे टक्केवारी : ५०, ७५ किंवा १००. टक्केवारी नीट वाचा, हातात येणारा पगार तिच्यावर ठरतो. सगळ्या देशाची मिळून एक प्रवेशपरीक्षा नसते. बर्लिन, बॉन अशा ठिकाणच्या पदवीधर शाळांचे, म्हणजे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठीच्या खास कार्यक्रमांचे, अर्ज वेगळे असतात. बाकी ठिकाणी थेट प्राध्यापकांना लिहायचं. त्यासाठी कुठल्याही एजंटला एक पैसाही देऊ नका.

टक्केवारीइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती जागा कुणाच्या पैशातून आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातली असेल तर तिच्याबरोबर शिकवण्याची जबाबदारी येते, पूर्णवेळ जागेला साधारण आठवड्याला चार तास. संशोधन प्रकल्पाच्या निधीतली असेल तर सहसा शिकवावं लागत नाही. बहुतेकांना दुसरी आवडते, कारण प्रबंधाला वेळ मिळतो. तुम्ही मात्र पहिली मागा. तुमचं शिकवणं चालू राहील, आणि त्याची नोंद पुढे फार उपयोगी पडेल.

इथलं शिकवणं तुम्हाला आवडेल, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या सत्रापासून विश्लेषण आणि रेषीय बीजगणित, तेही सिद्धतांसकट. दर आठवड्याला गृहपाठाचा एक कागद निघतो, मुलं तो सोडवून देतात, सहायक तपासतो आणि छोट्या गटात फळ्यावर चर्चा होते. त्या गटाला ‘यूबुंग’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी या कागदांवर निम्मे गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. चूक नेमकी कुठल्या ओळीत शिरली हे समोरच्या मुलासोबत शोधणं, हे आपल्याकडे शंभरच्या वर्गात करायला मिळत नाही. पण पहिल्या वर्षाचे हे गट बहुधा जर्मनमध्येच चालतात. म्हणून निघण्यापूर्वी जर्मनची बी-२ पातळी (मध्यमाच्या वरची) गाठा. गणिताची जर्मन त्यामानानं सोपी असते. तीच पन्नासेक क्रियापदं आणि जोडशब्द फिरून फिरून येतात. पहिल्या वर्षाचं एखादं जर्मन पाठ्यपुस्तक रोज दोन पानं मोठ्यानं वाचा. आशय तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे वाक्यं आपोआप उलगडतात.

आता संशोधनाचा गट कसा निवडायचा. गणिताचं सॉफ्टवेअर लिहिणं हेच संशोधन मानणारी परंपरा या देशात जुनी आहे. गट-सिद्धांतासाठीची (‘गट’ ही इथे बीजगणितातली रचना) ‘गॅप’ ही प्रणाली १९८६ मध्ये आखेनला सुरू झाली. बहुपदींसाठीची ‘सिंग्युलर’ कायझर्सलाउटर्नची. त्याच गावात फ्राउनहोफर संस्थेचं औद्योगिक गणिताचं केंद्र आहे. बर्लिनच्या त्सुझे इन्स्टिट्यूटमध्ये पूर्णांकी इष्टतमीकरणाचं, म्हणजे पूर्णांकांतली सर्वांत चांगली निवड शोधणारं ‘स्किप’ घडलं, २०२२ पासून ते खुल्या परवान्यावर आहे. आणि ‘गॅप’, ‘सिंग्युलर’सारख्या जुन्या प्रणालींना ज्युलिया या प्रोग्रॅमिंग भाषेत एकत्र बांधणारा ‘ऑस्कर’ प्रकल्प सध्या जोरात चालू आहे.

अशा गटात नेमकं काय करतात, याचं एक उदाहरण देते. परिमेय सहगुणकांच्या बहुपदींचा ग्रोब्नर आधार (समीकरणं सोडवायला सोयीचा, त्याच बहुपदींचा नीटनेटका संच) काढायला घेतला की मधल्या पायऱ्यांत अंश-छेद भयंकर फुगतात. उत्तर दोन ओळींचं असलं तरी वाटेत शेकडो अंकी संख्या येतात आणि स्मृती भरून जाते. म्हणून तेच गणित वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या मापांकांवर करतात, म्हणजे त्या संख्येनं भागून उरणारी बाकीच धरतात, तिथे संख्या वाढतच नाहीत. मग चिनी शेष प्रमेयानं (वेगवेगळ्या बाक्यांवरून मूळची संख्या शोधणारं प्रमेय) ते तुकडे जोडतात आणि शेवटी परिमेय संख्या परत मिळवतात. यात एखादी मूळ संख्या दगा देणारी निघू शकते. ती कशी ओळखायची आणि शेवटचं उत्तर बरोबर आहे हे कसं सिद्ध करायचं, यावर शोधनिबंध होतात. तुम्ही दरवर्षी द्वितीय वर्षाला शिकवता ते प्रमेय इथे रोज यंत्रात फिरत असतं. माझ्यासाठी तरी शिकवणं, संशोधन आणि कोड हे तिन्ही पहिल्यांदा इथेच एक झाले.

त्यामुळे अर्ज करण्याआधी सहा महिने अशा एका खुल्या प्रकल्पात काम करा. सुरुवात लहान असू द्या : दस्तऐवजातलं चुकलेलं उदाहरण दुरुस्त करा, एखाद्या फलनासाठी चाचण्या लिहा, एखादी त्रुटी नीट पुनरुत्पादित करून कळवा. तुमचा कोड वाचून सुधारणा सुचवणारी माणसं बहुतेक वेळा त्याच गटांतली असतात. मग पत्र लिहाल तेव्हा ते तुम्हाला ओळखत असतील. पत्र एका पानाचं पुरे. त्यांचा कुठला निबंध वाचलात, त्यातला कुठला प्रश्न तुम्हाला खुणावतो आणि तुमचा कोड कुठे बघता येईल. सेटचा इथे कुणाला काही बोध होणार नाही, पण शिकवलेल्या विषयांची यादी जरूर द्या.

डॉक्टरेटनंतर विद्यापीठात राहावं का? इथे सावध राहा. २००७ च्या कायद्यानुसार विद्यापीठं मुदतीचे करार साधारणपणे डॉक्टरेटपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षंच देऊ शकतात. प्रकल्पाच्या निधीवर त्यापुढेही करार होतात, पण कायमच्या जागा मोजक्या आणि त्या बहुतांशी प्राध्यापकांच्या. अत्यंत हुशार माणसं चाळिशीत गाव बदलत फिरताना मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

होखशूल या संस्थांचं मात्र वेगळं आहे, आणि तुमच्यासाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिथे प्राध्यापक व्हायला बहुतेक राज्यांत डॉक्टरेटखेरीज पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली निदान तीन वर्षं उच्चशिक्षण संस्थांच्या बाहेरची. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये घालवलेली वर्षं इथे अट म्हणूनच मोजली जातात. निवडीच्या वेळी नमुना तास घ्यावा लागतो आणि त्यात मुरलेला शिक्षक लगेच उठून दिसतो. काम भरपूर असतं : आठवड्याला साधारण १८ तास शिकवणं, विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या दुप्पट. संशोधनाला वेळ ओढून काढावा लागतो. पण ज्याला वर्गात उभं राहायला आवडतं त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. उद्योगात असताना जवळच्या होखशूलमध्ये एखादा विषय तासांच्या मानधनावर जरूर शिकवा. तो प्रकार आपल्या तासिका तत्त्वासारखाच आहे, त्यावर घर चालत नाही, पण ओळख होते.

शाळेत शिकवायचा विचार मात्र बाजूला ठेवा. इथल्या शिक्षकाला दोन विषय लागतात, शिवाय दीड ते दोन वर्षांचं उमेदवारीचं प्रशिक्षण आणि जवळपास मातृभाषेइतकी जर्मन. गणिताचे शिक्षक कमी असल्यामुळे काही राज्यं बाहेरच्यांना आडवाटेनं घेतात, नियम राज्यागणिक बदलतात.

आता आयटीतली नोकरी आधी का नको. ती लवकर मिळू शकते, पैसे जास्त मिळतात आणि तिकडे कर्ज असेल तर बेलाशक तेच करा. पण पाच वर्षांनी शिफारसपत्र देणारे तुमचे शिक्षक निवृत्त झालेले असतात, सिद्धता लिहिण्याचा हात गेलेला असतो आणि पूर्ण पगार सोडून ७५ टक्क्यांच्या ई-१३ वर जायला घरचं गणित परवानगी देत नाही. पीएच.डी.कडून सॉफ्टवेअरकडे जाणं त्यामानानं खूप सोपं. ३२ हे वय त्यासाठी उशिराचं नाही.

व्हिसाचं थोडक्यात. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यासाठी गणितज्ञ आणि आयटी दोन्ही कमतरतेच्या व्यवसायांत मोडतात, त्यामुळे पगाराची किमान अट कमी आहे. २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती आणि दर वर्षी बदलते. पूर्णवेळ ई-१३ त्यात बसतो, अर्धवेळ नाही. तेव्हा संशोधकाचा परवाना मागता येतो. ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी. तुमच्या पदवीला इथे मान्यता आहे का, ते ‘अनाबिन’ या सरकारी संकेतस्थळावर आजच तपासा. विद्यापीठाच्या नावापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, दिसलं पाहिजे.

पत्नींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मी मुद्दाम लिहिते. या दोन्ही परवान्यांवर जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येतं. पण इथल्या बँकेत जर्मनशिवाय काम मिळणं कठीण, त्यामुळे जर्मनच्या वर्गाला दोघांनी एकाच वेळी नाव घाला. त्यांनी लगेच राजीनामा न देता बिनपगारी रजा मिळते का, हे आधी विचारावं. कराराची टक्केवारी आणि मुदत हातात आल्यावर दोघांनी बसून हिशेब मांडा, आणि मगच तिकडच्या तासिका सोडा.