जर्मनीत येताय, मुलगा पाच वर्षांचा आहे, आणि बाथरूमला मोरी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाइपझिगला येताय, तुम्ही दोघं आणि पाच वर्षांचा मुलगा. घरमालक भाडेकराराबरोबर हाफ्टफ्लिश्टचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, कागद मागतोय. हा विमा सक्तीचा नाही असं तुम्ही वाचलंय. मग घ्यायचा का? आणि आपल्याकडचं पाणी खालच्या घरात गेलं तर भरतं कोण?

दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होते. साडेअकरा वाजून गेलेत आणि मी अजून लिहितेय, तेव्हा सांभाळून घ्या. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, बँकेचं खातं यांबद्दल काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि बरंच बरोबरही आहे.

विमा घ्या. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. निष्काळजीपणाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर इथल्या दिवाणी संहितेच्या ८२३ कलमाप्रमाणे ते भरून द्यावं लागतं, आणि त्या रकमेला वर मर्यादा नाही. अख्ख्या कुटुंबाचा विमा वर्षाला साठ ते शंभर युरोंत होतो. मुलगा पाच वर्षांचा आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

आम्ही २०१८ च्या जूनमध्ये आलो. घर शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत, उंच छत, लाकडी तुळयांवरची जमीन. बाथरूममध्ये टब, बेसिन, कमोड, सगळं होतं, फक्त मोरी नव्हती. इथे बहुतेक घरांत नसतेच. जमिनीवर पडलेल्या पाण्याला जायला वाटच नाही. घर बघायला गेलो तेव्हा आम्ही दोघं त्यावर हसलो होतो. मुलाला मात्र नीट बसवून कुणी सांगितलं नाही. त्याच्या डोक्यातली न्हाणी म्हणजे फतकल मारून बसायचं आणि पाणी सोडायचं. पाणी पुढे कुठे जातं हा त्याचा विषय नव्हता.

२०१९ च्या मे महिन्यात शाळेचं पत्र आलं. मुलगा सहा पूर्ण होता, ऑगस्टमध्ये पहिलीत जायचा. पत्रात लिहिलं होतं की त्याचं जर्मन पुरेसं नाही, एक वर्ष थांबवावं. त्याला पुस्तक वाचता येत होतं, बेरीज-वजाबाकी येत होती, फक्त ते सगळं मराठीत येत होतं. तपासणीला अर्धा तास एका अनोळखी बाईंसमोर तो गप्प बसला, आणि त्या अर्ध्या तासावर वर्ष गेलं. आता तो सहावीत आहे. वयाने सातवीत असता. छान शिकतोय, मित्र आहेत, वर्ष गेल्याने त्याचं काहीही बिघडलेलं नाही. मला अजूनही ते पत्र शब्दन् शब्द पाठ आहे.

तर ते पत्र घेऊन आम्ही दोघं स्वयंपाकघरात, फोनवर एकेक वाक्य भाषांतर करत, आणि मग भांडत. इथे यायचं कुणी ठरवलं, वगैरे. तिकडे चिरंजीव बाथरूमच्या जमिनीवर बसून हँडशॉवरने ट्रॅक्टर धूत होते. हँडशॉवरमधून मिनिटाला दहाएक लिटर पाणी येतं. आम्हाला कळलं ते बेल वाजली तेव्हा. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी, अंगात गाउन, आणि त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या: वासर, वासर. पाणी.

अशा वेळी काय करायचं ते पटकन सांगते. घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते राहायला गेल्या दिवशीच शोधा आणि एकदा फिरवून बघा, जुन्या घरात तो जाम झालेला असतो. दोन्ही घरांचे फोटो काढा. घरमालकाला किंवा इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला लगेच कळवा. विमा कंपनीला आठवड्याच्या आत कळवावं लागतं, तसा कायदाच आहे. आणि "चूक माझी, सगळं भरून देते" असं कागदावर लिहून सही करू नका. जबाबदारी कुणाची आणि किती हे कंपनी ठरवते.

पैसे तीन वेगळ्या खिशांतून येतात, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नाही. छत, भिंती, जमीन हा घरमालकाच्या इमारत विम्याचा भाग. त्याचा हप्ता बहुतेक वेळा भाड्याबरोबरच्या खर्चात तुम्हीच भरत असता, आणि म्हणून इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली म्हटलंय की साध्या निष्काळजीपणासाठी त्या कंपनीने भाडेकरूच्या मागे लागू नये. हलगर्जीपणा मोठा असेल तर मात्र लागते. स्वतःच्या सामानासाठी हाउसराट हा वेगळा विमा, आणि तो नव्या वस्तूची किंमत देतो. शेजाऱ्याच्या सामानासाठी तुमचा हाफ्टफ्लिश्ट, पण तो देतो त्या वस्तूची आजची किंमत. पंधरा वर्षांच्या गालिच्याची आजची किंमत काय असणार ते तुम्हीच बघा.

इमारत विम्याच्या कंपनीने दोन महिने एका शब्दावर काढले: प्लानशवासर. अंघोळ करताना, डुंबताना इकडेतिकडे उडालेलं पाणी. ते विम्यात धरत नाहीत. ट्रॅक्टर धुणं म्हणजे डुंबणं की नाही यावर गंभीर माणसांनी सही-शिक्क्यानिशी पत्रं लिहिली. शेवटी छताचे पैसे दिले. तोवर आजींच्या खोलीत ओल काढायचं यंत्र तीन आठवडे दिवसरात्र घरघरत होतं. असं यंत्र दिवसाला पंधरा-वीस युनिट सहज खातं, तेव्हा लावताना आणि काढताना मीटरचा फोटो काढा, ती वीजही भरपाईत मागता येते.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. पुढे.

ओल मोजायला कंपनीचा माणूस आला तेव्हा मी चहा टाकला, चार कप काढले, बशा काढल्या. नवरा म्हणाला, अगं तो मोजमाप घ्यायला आलाय. अकरा महिन्यांत आमच्या घरात आलेला तो पहिला माणूस होता. त्याने उभ्याउभ्याच घेतला चहा.

आता मुलाच्या वयाकडे येते. इथल्या कायद्याप्रमाणे सात वर्षांच्या आतलं मूल नुकसानीला जबाबदार नसतं. आईवडील जबाबदार असतात, पण त्यांनी लक्ष ठेवण्यात कसूर केली असेल तरच. सहा वर्षांच्या मुलावर घरात क्षणोक्षणी नजर ठेवावी असं कायदा म्हणत नाही. म्हणजे मूल जबाबदार नाही, आईबाप जबाबदार नाहीत, शेजाऱ्याला काही नाही. यावर उपाय म्हणून पॉलिसीत एक जादा कलम घेता येतं: मूल लहान असल्यामुळे कायद्याने जबाबदार नसलं तरी कंपनी ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देते. आम्ही तुलनेच्या साइटवर सगळ्यात स्वस्त पॉलिसी निवडली होती. त्या कलमाचे वर्षाला नऊ युरो वाचवले होते.

आमच्या हाफ्टफ्लिश्टच्या कंपनीच्या अर्जात विचारलं होतं: घटनेच्या वेळी पालक कुठे होते? स्वयंपाकघरात. मूल किती वेळ नजरेआड होतं? मी लिहिलं, सुमारे दहा मिनिटं.

दहा नव्हती. निदान अर्धा तास होता, जास्तच असेल. ओल मोजणाऱ्या माणसाने चहा पिता पिता दाराच्या उंबऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, दहा मिनिटं? आणि पुढे काही बोलला नाही. शाळेने त्याच आठवड्यात माझ्या मुलाबद्दल लेखी दिलं होतं की काहीतरी कमी पडलं. मला आणखी एका कागदावर आणखी एका अनोळखी माणसाने वाईट आई म्हणायला नको होतं. एवढंच कारण. पैशाचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता.

कंपनीने आजींना पत्र पाठवलं: पालकांनी कसूर केलेली नाही, सबब आमच्या ग्राहकावर जबाबदारी येत नाही. पत्र सभ्य होतं, त्याची प्रत मला आली. अवाजवी मागणी परतवून लावणं ही या विम्याची सेवाच आहे, माहितीपत्रकात तसं कौतुकाने लिहिलेलं असतं. खरं लिहिलं असतं तर कदाचित कसूर ठरली असती आणि आजींना पैसे मिळाले असते. त्यांचा स्वतःचा हाउसराट विमा नव्हता. गालिचा गेला, एक लाकडी कपाट फुगून त्याची दारं लागेनात, आणि कपाटावरच्या खोक्यातले फोटो. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर त्यांनी ते चिमटे लावून ओळीने टांगले होते. एकमेकांना चिकटलेले वेगळे करताना चेहऱ्यांचे पापुद्रे निघाले होते. फोटोंची आजची किंमत असा काही रकाना अर्जात नव्हता.

मी तीनशे युरो पाकिटात घालून खाली गेले होते. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाल्या, तुमची कंपनी लिहिते की तुम्ही माझं काही देणं लागत नाही. टोमणा नव्हता त्यात, त्यांनी कागदावरचं वाचून दाखवावं तसं सांगितलं. अजून तिथेच राहतात. आमची पार्सलं घेऊन ठेवतात. दहा मिनिटांची गोष्ट त्यांना मी सांगितलेली नाही. आज सांगून त्यांच्या हाती काय पडणार, असं स्वतःला समजावते, आणि त्यात आळस किती, भीती किती ते मला सांगता येत नाही.

तर पॉलिसी घेताना मुलांबद्दलचं कलम आहे का बघा, त्याची रक्कम किती तेही बघा, आणि भाड्याच्या घराच्या नुकसानीचं कलमही असू द्या. बाथरूमच्या जमिनीवर पाणी टाकायचं नाही हे मुलाला पहिल्या दिवशी तिथे उभं करून सांगा. कलम सापडलं नाही तर पॉलिसीची पानं मला पाठवा. आता मला ते जर्मन वाचता येतं.