‘प्रतीक’ छुपे असते का?

‘यान व्हान आयकच्या चित्रांत छुपी धार्मिक प्रतिके आहेत’ हे वाक्य शुद्ध आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. (यान व्हान आयक हा पंधराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार.) ‘प्रतिके’मधला हा ऱ्हस्व ‘ति’ आता छापील मजकुरातही सर्रास दिसतो आणि दर वेळी खटकतो. शब्द ‘प्रतीक’ असाच आहे. चिन्ह किंवा निशाणी हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो सोडून देतो.

‘प्रति’ला ‘कन्’ प्रत्यय लावून आणि मधला स्वर ओढूनताणून दीर्घ करून काही कोशकार या शब्दाची फोड करतात, ती मला मुळीच मान्य नाही. ‘प्रति’ आणि ‘अञ्च्’ (वळणे, जाणे) हा धातू मिळून ‘प्रत्यञ्च्’ होते आणि त्याचेच आखडलेले रूप ‘प्रतीच्’. पश्चिमेचे ‘प्रतीची’ हे नाव त्यातूनच आले, आणि ‘प्रतीक’ हे तिचे सख्खे भावंड. आपल्याकडे वळलेले, सामोरे आलेले, ते प्रतीक. ऋग्वेदात अग्नी ‘घृतप्रतीक’ आहे, म्हणजे ज्याचे मुख तुपाने उजळले आहे असा. टीकाग्रंथांत तर मूळ श्लोकाचे आरंभीचे जे एकदोन शब्द उद्धृत करतात, त्यांनाच प्रतीक म्हणतात, कारण ज्याला श्लोक पाठ आहे त्याला तेवढे पुरते.

व्हान आयकला हाच अर्थ नेमका लागू पडतो, असे माझे ठाम मत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले त्याचे १४३४ सालचे अर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र पाहा. चित्राची उंची जेमतेम ८२ सेंटिमीटर, आणि त्यातल्या बहिर्गोल आरशाच्या चौकटीत दहा चिमुकल्या वर्तुळांमध्ये ख्रिस्ताच्या यातनांची कथा रंगवली आहे, सर्वांत वर क्रूसावरचा ख्रिस्त. शेजारी भिंतीवर स्फटिकाची जपमाळ लटकते आहे. यात लपवलेले काय आहे? ज्यांना ती कथा पाठ होती, त्यांना एकेक वर्तुळ म्हणजे श्लोकाचा पहिला शब्द होता.

याच चित्रातल्या झुंबरात भरदिवसा जळणाऱ्या एकुलत्या मेणबत्तीचा अर्थ कला-इतिहासकार एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३४ साली सर्वदर्शी ख्रिस्त असा लावला, आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. परंतु त्यांच्या नावाने रूढ झालेली संज्ञासुद्धा ‘वेषांतरित’ प्रतीकांची आहे, आणि वेष बदललेला माणूस डोळ्यांसमोरच उभा असतो. तिचे मराठीत ‘छुपी’ करणाऱ्यांनी मूळ कल्पनाच मोडली आहे. तेव्हा ‘छुपी’ गाळावे, ‘ती’ दीर्घ करावी आणि ‘व्हान आयकच्या चित्रांत धार्मिक प्रतीके आहेत’ एवढेच लिहावे.