पडवी पुरेशी आहे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. चिपळूणची नोकरी, सकाळची एसटी, घरी यायला रात्रीचे आठ, म्हणून कराटेचा क्लास शनिवार-रविवारपुरताच उरला. कॉलेजची पोरं रोज येतात, ती पुढे जाणार. मग नावापुरतं करत राहण्यापेक्षा सोडून द्यावं का, असं तू विचारलंस. क्लासच्या गडबडीत याचं उत्तर धड देता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

सोडू नकोस. तुझं मन राखायला म्हणत नाही, खरंच तसं वाटतं म्हणून सांगतो.

ज्यांनी ही विद्या आपल्यापर्यंत आणली, ती पोटापाण्याचा उद्योग सांभाळणारी माणसं होती. इतोसु आन्को जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर राजाच्या दरबारी लेखनिक होते. फुनाकोशी गिचिन शाळामास्तर. तीसेक वर्षं मास्तरकी केली. तरुणपणी दिवसा पोरांना शिकवायचं आणि रात्री कंदील घेऊन गुरूंच्या अंगणात सरावाला जायचं, हा त्यांचा क्रम. १९२२ साली कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला ते तोक्योला गेले तेव्हा ५३ वर्षांचे होते. पुढे तिथेच राहिले आणि ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट, राखणदारी करून दिवस काढले. आज जगभर ज्यांचा फोटो लावून लोक वाकतात, त्यांनाही रोज दिवसभर फक्त कराटे करायची चैन नव्हती. तेव्हा 'मी आपली हौशी' असं ओशाळून लिहू नकोस. हौशी माणसांनीच हे उभं केलंय.

आता वेळेचं बघू. शनिवार-रविवारच्या क्लासात जोडीदार लागतो तेच करायचं. कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत, अंतराचा अंदाज, समोरच्याचा पंच येताना डोळे न मिटणं. या गोष्टी एकटीला घरी कितीही घोकून येत नाहीत. पंधरा मिनिटं आधी येऊन वॉर्मअप उरकत जा, म्हणजे क्लासचा वेळ त्यात जाणार नाही. माझ्याकडे जोडीदार माग. मी कुणाला तरी उभं करीन. संकोच करायचा नाही.

उरलेले पाच दिवस घरी वीस मिनिटं. त्यात भारंभार काही नको. एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, धर: तेक्की शोदान, तीन तेक्कींतला पहिला. तो मी मुद्दाम निवडलाय. हियानचे काता करायला अंगण लागतं आणि पावसाळ्यात तुमचं अंगण शेवाळून निसरडं होतं. तेक्की सगळा एका ओळीत आहे, आधी उजवीकडे, मग डावीकडे. तुमच्या घराच्या पडवीत तो आरामात बसतो. फुनाकोशींनी तरुणपणी तीन तेक्कींवर दहा वर्षं घालवली. गुरू पुढचं शिकवायलाच तयार नव्हते. आमच्याकडे पोरं सहा महिन्यांत 'सर, पुढचा काता कधी?' म्हणून मागे लागतात आणि पालक त्यांच्याही आधी. मला त्याचं वाईट वाटतं.

कसा करायचा तेही सांगतो. समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर नजर ठेवून सरळ उभी राहा. उजवीकडे बघ. डावा पाय उजव्यापुढून ओलांडून टाक, मग उजवा उचलून बाजूला ठेव आणि किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखी, बस. एवढ्यात डोक्याची उंची बदलता कामा नये. पाय ओलांडताना तुझं डोकं वर येतं, मी पाहिलंय. डोळ्यांच्या कोपऱ्यातून खिळ्याकडे लक्ष ठेव; तो वरखाली झाला की समजायचं, मांड्यांनी काम सोडलं. पुढे जिथे पायाचा तळवा आत वर उचलून परत खाली आणायचा, तिथे कंबरेवरचं अंग हललं नाही पाहिजे. सुरुवातीला हलणारच. एक आठवडा नुसता तेवढाच भाग कर. वीस मिनिटांत काता किती वेळा झाला हे मोजत बसू नकोस, कुठली एक चूक कमी झाली ते बघ. आणि ज्या रात्री एसटी उशिरा येईल, अंगात त्राण नसेल, त्या रात्री पाच मिनिटं नुसती किबा-दाचीत उभी राहून झोप. ते चालतं.

समुद्रावर सराव करावा का, असंही विचारलंस. गुहागरची पुळण एवढी लांबरुंद, मोह होणं साहजिक आहे. ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर जा. पंच मारत पुढे जा आणि वळून स्वतःची पावलं बघ. मागच्या पायाची टाच उठत असेल तर तिचा ठसा उमटलेला नसतो, वजन कडेवर पडत असेल तर ती कड खोल दिसते. आरशाला हे दाखवता येत नाही. पण भुसभुशीत कोरड्या वाळूत मवाशी गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची किक, मारायची नाही. टेकलेला पाय वाळूत रुततो, कंबर वळते, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. पावसाळ्यात मात्र किनाऱ्याचा विचारच सोड.

ड्रेसचं म्हणशील तर जून ते सप्टेंबर तो चार-चार दिवस वाळत नाही, बुरशीचे काळे ठिपके पडतात, माहीत आहे. हलक्या कापडाचा दुसरा घे, आणि घरी साध्या टी-शर्ट-ट्रॅकवर सराव कर. त्याने काही बिघडत नाही. ओकिनावाही आपल्यासारखंच दमट, समुद्राकाठचं, वादळं झेलणारं बेट. तिथले जुने लोक अंगणात अंगावरच्या कपड्यांनिशीच सराव करत. हा पांढरा ड्रेस तोक्योत ज्युदोवरून आला.

बेल्टही तिथूनच आला. ज्युदोचे कानो जिगोरो यांनी पाडलेली दान पदव्यांची पद्धत फुनाकोशींनी उचलली आणि १९२४ साली आपल्या शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले. म्हणजे त्यांची स्वतःची उमेदीची सगळी वर्षं बेल्टवाचून गेली. डिसेंबरच्या ग्रेडिंगला, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला, बसू का, याचं माझं उत्तर यातच आहे. बसू नकोस. तुझा ब्राऊन बेल्ट मेहनतीचा आहे. वर्षभरात ब्लॅक बेल्ट करून देतो म्हणणारे आणि फी घेऊन सर्टिफिकेट हातात ठेवणारे क्लास आपल्या जिल्ह्यातही निघालेत. तिथे गेलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना साधा गेदान-बाराई, म्हणजे खालचा वार अडवणारा ब्लॉक, घालता येत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची त्यांना लाज वाटते. त्या पोरांचं फार नुकसान झालंय. तू आणखी एक वर्ष घे, दोन घे.

वय निघून जाईल ही भीती तर काढूनच टाक. चोवीस म्हणजे काय वय आहे का? तोक्यो ऑलिंपिकमध्ये कातामधलं सुवर्ण जिंकणारी स्पेनची सांद्रा सांचेस तेव्हा ३९ वर्षांची होती. तिचं पूर्णवेळ आयुष्य वेगळं, तुझं वेगळं, पण काता वयाने पिकतो हे तिच्याकडे पाहून कळतं.

ऑफिसातले लोक 'दाखव की काहीतरी' म्हणतात, तेव्हा हसून विषय बदल. रात्री स्टॅंडवरून घरी चालत येतेस, तिथे मात्र कराटेच्या भरवशावर राहू नकोस. उजेडाची वाट धर, अंतर राख, वेळ आलीच तर पोटातून ओरड आणि पळ. तुझी किआई, म्हणजे पंचाबरोबरची ती आरोळी, पुष्कळ लांब ऐकू जाते, ती तिथे कामाला येईल.

आता शेवटचं, जे तू एका ओळीत उरकलंस. उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. मांडी भरून येणं, पेटल्यासारखी होणं वेगळं. त्याला घाबरू नये. पण सांध्याच्या आत कळ येत असेल तर ती सोसायची नसते. किबा-दाचीत तुझे गुडघे आत पडतात, ते त्यामुळेही असेल. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तसा राहत नसेल तर तेवढी खाली बसू नकोस, चार बोटं वर उभी राहा. चिपळूणला रोज जातेसच, तर या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणतात ते शनिवारी मला सांग. तोवर किक बंद, उड्या बंद, तेक्की उंच स्टान्समध्ये.

आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर