जुन्या मोटरसायकलची चेन खडखडते, लगेच बदलावी का?

१५ वर्षांची गाडी आहे म्हणून चेन बदलायची घाई करू नका. आपल्या खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात लाल चिखल कड्यांत बसतो, वाळला की करकर सुरू. गाडी डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद करा (चालू इंजिनवर चेन पुसताना बोटं जातात, खरंच सांगतोय). डिझेल नि जुन्या टूथब्रशनं धुवा, कोरडी पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंबथेंब सोडा.

मग चाक फिरवत चार ठिकाणी ढिलाई बघा. चेन मधोमध बोटानं वर-खाली हलवली की साधारण २५ मिलिमीटर हलावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एकीकडे घट्ट, एकीकडे ढिली लागली किंवा चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (चेन बसते ते दातेरी चाक) मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा पडला, तर चेन संपली. तेव्हा पूर्ण सेटच (चेन नि दोन्ही स्प्रॉकेट) घाला. झिजलेले दात नवी चेनही खातात.